बिरोबाच्या टेकाडावरून

(९ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या आपल्या स्नेहमेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आदरणीय सर, बाई, आणि १९८५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय आणि विषयही देऊन टाकलाय, 'माझा पक्षिनिरीक्षणाचा छंद'. माझ्यानंतर जेवण आहे. शिपी आमटीला उकळी आल्याचा वास तुमच्यासारखा मलाही येतोय. त्यामुळे लांबण लावणार नाही. पण एक गोष्ट आज सांगायचीच आहे, आणि ती सर पुढच्या रांगेत बसलेले असतानाच सांगायची आहे. तेवढी मुभा द्या.

आज पहाटे तुमच्यातले अकरा जण माझ्याबरोबर बिरोबाच्या टेकाडावर आले होते. बाकीचे रात्री दोनपर्यंत गप्पा मारत बसले, त्यांची तक्रार नाही. जे आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हे टेकाड म्हणजे आपल्या जुन्या गावाचा उरलेला एवढाच तुकडा. देव नव्या गावठाणात आणला, टेकाड तिथंच राहिलं. धरण भरलं की त्याच्या तीन बाजूंना पाणी असतं. यंदा सीनेनं काय केलं ते आपण पाहिलं, आणि इकडे उजनीही काठोकाठ आहे. टेकाडावर तोंड इंदापूरकडे करून बसलं की सकाळचा सूर्य पाठीशी येतो आणि समोरचं सगळं पाणी उजळतं. पलीकडे सोलापूर हायवेवरचे ट्रकचे दिवे दिसतात, मागून पारेवाडीच्या बाजूनं गाडीची शिट्टी ऐकू येते. आणि समोर, पाण्याखाली, आपली जुनी शाळा आहे. चौथीपर्यंतची.

परवा आपल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'आपणही स्थलांतरित पक्षीच, इतक्या वर्षांनी घरट्याकडे परतलो.' वाचायला छान वाटलं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. पक्षी आपल्या वेळेला निघतो आणि आपल्या वेळेला परत येतो. आपल्याला नोटीस देऊन उठवलं होतं. उजनी १९८० साली पुरी झाली. त्याआधीच आपली घरं उतरवली, वासे-तुळया बैलगाडीत घातल्या. माझी आजी उंबऱ्याचा दगड सोडेना, तो शेवटी गाडीत घालून आणावा लागला. ज्या पाण्यानं आपल्याला उठवलं, त्याच पाण्यावर हे पक्षी उतरले. धरणाच्या आधी इथं भीमा होती, तिच्या काठाला थोडेफार पक्षी असतीलही. पण हजारांनी बदकं उतरावीत एवढं पसरट पाणी नव्हतं. आपल्या आईवडिलांना त्या पाण्याकडे बघून रडू यायचं आणि आम्हा पोरांना त्यावरच्या थव्यांची मजा वाटायची. दोन्ही खरं होतं. आजही मी टेकाडावर बसतो तेव्हा दोन्ही खरं असतं.

आता पक्ष्यांकडे येतो. लोकांना वाटतं की एखाद्या दिवशी थंडी पडते आणि सगळे पाहुणे एकदम उतरतात. तसं नसतं. हे येणं लग्नाच्या वऱ्हाडासारखं असतं. कुणी आठ दिवस आधी येऊन बसतं, कुणी ऐन अक्षतांच्या वेळी पोचतं.

सगळ्यात आधी भोरड्या. श्रावण संपायच्या आत पहिले थवे दिसतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. आपण त्यांना ज्वारीचे चोर म्हणून ओळखतो. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत आपल्यातल्या निम्म्यांनी त्यांना शिव्या दिल्यात. या भोरड्या मध्य आशियातून आणि त्याच्याही पश्चिमेकडून येतात. तिकडे त्या टोळ आणि नाकतोडे खातात म्हणून तिथले शेतकरी त्यांच्यावर खूश असतात. एकच पक्षी, तिकडे राखणदार आणि इकडे चोर.

मग लहान तुतवार, चिखलात शेपटी हलवत फिरणारे. भाद्रपदात परीट येतो. काही जण त्याला धोबी म्हणतात. माझ्या वहीत पहिल्या परिटाची तारीख बहुतेक वर्षी १० ते २५ सप्टेंबरच्या मधली आहे. त्याच सुमाराला विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीनं बसायला लागतात. पाऊस ओसरून वारा फिरला, सकाळी धुकं धरायला लागलं, की पाण्यावर बदकं दिसतात. आधी भुवई बदक, मग थापट्या, मग लांब टोकदार शेपटीचं तलवार बदक. गवताच्या पट्ट्यावरून खाली घिरट्या घालत भोवत्या येतो आणि सगळी बदकं एका दमात उठतात. दिवाळीच्या मागंपुढं चक्रवाक येतो. नारिंगी रंगाची ती जोडी आज पहाटे अकरा जणांनी पाहिली. लडाख, तिबेटकडच्या उंच सरोवरांवर त्यांची वीण होते. त्यानंतर पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. तो हिमालय ओलांडून येतो. त्याचं रक्त विरळ हवेतला प्राणवायू चांगला पकडतं, म्हणून त्याला ते जमतं.

अग्निपंख मात्र आत्ता विचारू नका. प्रत्येक जण फोन करतो, 'फ्लेमिंगो आले का?' त्यांना गुडघाभर पाणी आणि उघडा चिखल लागतो. धरण भरलेलं असताना चिखल पाण्याखाली असतो. पाणी उतरायला लागलं की मग ते येतात. धरण मायनसमध्ये गेलं की आपल्या मोटारी उघड्या पडतात, पण तोवर अग्निपंखांची चैन झालेली असते.

आणि याच दिवसांत कुणी जातही असतं. पावसाबरोबर आफ्रिकेकडून आलेला चातक आता परत निघालेला असतो. त्याचं पिल्लू सातभाईच्या घरट्यात वाढतं. आईबापानं त्याला कधी जवळ घेतलेलं नसतं, वाट दाखवलेली नसते. तरी ते आपलं आपण निघतं आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातं. सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून पक्षी दिशा धरतात, हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलंय. त्यातले बरेच रात्री उडतात. दिवसा खातात, चरबी साठवतात. काही छोटे पक्षी निघण्याआधी स्वतःचं वजन जवळजवळ दुप्पट करतात. कोजागिरीला दूध आटवत बसाल तेव्हा दुर्बिणीतून चंद्राकडे थोडा वेळ बघत राहा. नशीब असेल तर चंद्रावरून एखादा ठिपका सरकताना दिसेल.

वहीत एक अडचण मला अजून सुटलेली नाही. आलेल्या पक्ष्याची पहिली तारीख लिहिता येते. गेलेल्याची शेवटची तारीख त्या दिवशी लिहिता येत नाही. आज दिसलेला चातक शेवटचा होता, हे पंधरा दिवसांनी कळतं.

ही वही मला कुणी लावली, हे तुम्हाला माहीत आहे. सर १९८१ साली आपल्या शाळेत आले. शाळा म्हणजे तेव्हा पत्र्याच्या तीन खोल्या. सर भूगोल आणि विज्ञान शिकवायचे. त्यांच्याकडे एक दुर्बीण होती, तिची एक बाजू फुटलेली. त्यामुळे सगळ्या वर्गानं एक डोळा मिटून पक्षी पाहिले. रविवारी सर टेकाडावर न्यायचे. त्यांचा नियम ठरलेला. तारीख, वेळ, जागा, हवा, पक्षी, संख्या. 'खूप होते' असं लिहिलं की वही परत. 'खूप म्हणजे किती? तुझ्या घरी खूप भाकरी आहेत म्हणजे किती?' आणि काही दिसलं नाही, तर 'काही दिसलं नाही' असं लिहायचं. ती पण नोंद असते. आम्ही विचारायचो, सर, हे लिहून काय करायचं? सर म्हणायचे, बघितलं ते लिहा, लिहिलं ते कळवा. न कळवलेलं बघणं अर्धं असतं.

आता ती गोष्ट.

नोव्हेंबर १९८३. आपण नववीत. दिवाळीची सुट्टी होती. मी आणि माझा बाकावरचा सोबती, आपल्या कबड्डी संघाचा डावा कोपरा, पहाटे टेकाडाखाली गेलो होतो. त्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर मला पुढं बोलता येणार नाही, आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. काठाला कुणीतरी रात्रभर सोडलेलं मासळीचं जाळं होतं. त्यात एक तलवार बदक अडकलं होतं. जिवंत होतं. जाळं कापून त्याला सोडता आलं असतं. आम्ही सोडलं नाही. चौदा वर्षांची पोरं, घरी सणाचं काही उरलं नव्हतं, असली कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. उसाचं पाचट पेटवून आम्ही ते भाजलं आणि खाल्लं. पिसं सोलताना दिसलं, पायात ॲल्युमिनियमचं बारीक कडं होतं. त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आम्हाला 'बॉम्बे' एवढं वाचता आलं. आम्हाला वाटलं, मुंबईच्या कुणा शेठचं पाळलेलं बदक असावं. आता पोलीस येणार.

सुट्टी संपून शाळा भरली. सर वर्गात आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १८८३ साली सुरू झालेल्या त्या संस्थेला त्या वर्षी शंभर वर्षं झाली होती, म्हणून सर त्यावर बोलले. पक्षी कुठून कुठे जातात हे कसं कळलं ते त्यांनी सांगितलं. डेन्मार्कमधल्या मॉर्टेनसेन नावाच्या एका शाळामास्तरानं १८९९ साली मैनांच्या पायात ॲल्युमिनियमची कडी घालून त्यांना सोडलं. भोरडीच्याच जातकुळीतले ते पक्षी. कड्यावर क्रमांक आणि पत्ता. ज्याला सापडेल त्यानं कळवावं, एवढीच त्यात विनंती. तिथून हे शास्त्र उभं राहिलं. आपल्याकडे सलीम अली यांच्या पुढाकारानं त्या मुंबईच्या संस्थेनं साठच्या दशकात हजारो पक्ष्यांना कडी घातली. भरतपूरला कडं घातलेली बदकं पार सायबेरियात सापडली आणि तिथल्या लोकांनी ते कळवलं.

मग सर जे म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं. 'ज्याच्या हातात ते कडं पडतं, त्याच्या हातात हजारो किलोमीटर लांब रेघेचं एक टोक असतं. दुसरं टोक कुणीतरी जपून ठेवलेलं असतं. त्यानं कळवलं नाही, तर रेघ कधीच ओढली जात नाही.' सरांनी पत्ता फळ्यावर लिहिला. सगळ्यांनी वहीत उतरवला. मीही उतरवला. डाव्या कोपऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

सर, तुम्ही मारलं असतं म्हणून आम्ही गप्प बसलो नाही. तुमचा मार आम्हाला नवा नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल, याची भीती जास्त होती. तुमच्याबरोबर रविवारी पक्षी मोजणारी दोन पोरं, त्यांनीच ते खाल्लं, हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

कडं त्याच्याकडे राहिलं. तो मला म्हणायचा, 'कळवूया का रे?' मी म्हणायचो, 'आता कशाला? गप बस.' दहावी झाली. तो गवंड्याच्या हाताखाली लागला, पुढं स्वतः कामं घ्यायला लागला. मी शेतीत राहिलो. तो वर्षाला एकदा, बहुतेक दिवाळीतच, विचारायचा. 'कळवूया का?' आणि मी दर वर्षी तेच उत्तर दिलं. १९९४ साली मी पुन्हा टेकाडावर जायला लागलो, वही घातली. लोक म्हणतात छंद आहे. छंद आहेच. पण सुरुवात छंदानं झाली नव्हती. एक नोंद चुकवली होती, तिच्या बदल्यात बाकीच्या नोंदी करत होतो.

२०२१ च्या मे महिन्यात तो गेला. दुसऱ्या लाटेत आपल्या वर्गातले तिघं गेले, त्यातला तो एक. दहाव्याला मला जाता आलं नाही. दिवाळीला त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी आतून चुन्याची एक डबी आणून दिली. म्हणाल्या, 'हे तुमचं आहे, असं ते सांगून गेलेत.' डबीत कडं होतं. एका कागदात गुंडाळलेलं. कागदावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: टेकाडाखाली, पहाट, नोव्हेंबर १९८३, हवा थंड, तलवार बदक, एक.

सर, नोंद तुमच्या नियमाप्रमाणे होती. फक्त तारीख नेमकी नव्हती. ती मलाही आठवत नाही.

त्यालाही आता चार वर्षं झाली. ही चार वर्षं मी का थांबलो, याचं माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. कड्यावरची अक्षरं झिजलीत, पण क्रमांक भिंगातून वाचता येतो. इतक्या वर्षांनी त्या क्रमांकाचं कागदपत्र सापडेल का, ते बदक कुठल्या तळ्यावर कुणी धरून त्याच्या पायात हे घातलं होतं ते कळेल का, मला सांगता येत नाही. पण आपल्याकडचं टोक पुढं करायला काय हरकत आहे?

हा आठवडा पक्षी सप्ताह आहे. ५ नोव्हेंबर हा आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. २०२० पासून राज्यात हा सप्ताह साजरा होतो. चितमपल्ली यंदा जूनमध्ये गेले. या आठवड्यात ते पत्र पेटीत टाकायचं असं मी ठरवलंय.

जाता जाता तीन गोष्टी मागतो. पहिली, गावातल्या आपल्या मासेमार भावांना. जाळं रात्रभर काठाला सोडू नका. तुमच्यातलेच कित्येक आता होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. दुसरी, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मित्रांना. फोटोसाठी होडी थव्यात घालायला सांगू नका. एवढ्या लांबून आलेल्याला आधी खाऊ द्यावं, हे आपल्या घरची बाई पाहुण्याच्या बाबतीत जाणते. तिसरी, सगळ्यांना. तुम्ही जिथं राहता, ठाण्यात, लातूरला, दुबईला, तिथं एक जागा धरा. गच्ची चालेल, नाल्यावरचा पूल चालेल. सप्टेंबर ते डिसेंबर, आठवड्यातून एक सकाळ. तारीख, वेळ, जागा, हवा, पक्षी, संख्या. आणि महिन्याच्या शेवटी ग्रुपवर टाका. सुप्रभातचे फुलांचे फोटो थोडे कमी झाले तरी चालतील.

सर, पत्र माझ्या खिशात आहे. संस्थेला लिहिलंय. आम्ही दोघांनी ते पक्षी मारून खाल्लं हेही त्यात आहे, लपवलेलं नाही. खाली दोघांची नावं आहेत. पण मराठीचे मार्क मला कायम काठावर पडायचे, हे तुम्ही जाणता. जेवणानंतर पाच मिनिटं काढून शुद्धलेखन तेवढं बघून द्या. लाल पेन मी आणलंय.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. नमस्कार.